मागच्या खोलीतलं चित्र

माझ्या सासऱ्यांना आमच्या भागात नावाने हाक मारणारा माणूस विरळा. सगळे त्यांना ‘छत्रीवाले’ म्हणायचे. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या बसवल्या. रस्त्याने चालताना मान वर करून ते सांगायचे, “ती बघ, वाकलीय. वाऱ्याने वाकलीय. उद्या बोलावतील.” आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं यायचं.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवं अंग गेलं. वाचा गेली असं सगळे म्हणायचे, पण ते काही खरं नव्हतं. आवाज होता, तोंडही हलायचं, फक्त हवा तो शब्द सापडायचा नाही. जो सापडायचा तो एकच, ‘गाडी’. पाणी हवं तर गाडी, खिडकी लाव तर गाडी, आणि राग आला की “गाडी! गाडी!”

“बाबांना सारखं कुठेतरी जायचंय,” माझे थोरले दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. “भ्रम झालाय.”

कुठे जायचं नव्हतं त्यांना. मी दिवसभर शिवणयंत्रावर असते आणि माझं यंत्र त्यांच्याच खोलीत. त्यामुळे महिन्याभरात मला कळलं होतं की एक ‘गाडी’ दुसऱ्या ‘गाडी’सारखी नसते. पण माझं ऐकतो कोण? माझा नवरा लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. फोनवर त्याचं एकच पालुपद, “दादा बघतोय ना? मग झालं.”

दादाने बघितलं ते असं, की वडिलांची खाट हॉलमधून उचलून मागच्या खोलीत टाकली. “हॉलमध्ये चार लोक येतात,” जाऊबाई म्हणाल्या. छत्रीचा बॉक्स आणि मोठा टीव्ही हॉलमध्येच राहिला. मागच्या खोलीत आमच्या लग्नातला छोटा टीव्ही होता, पण त्याला ना डिश ना काही. भिंतीवर नुसता काळा आरसा.

महिन्याभराने सायकलची ती मोठी शर्यत सुरू झाली, तीन आठवडे चालणारी. बाबा दर वर्षी ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बघायचे. परक्या भाषेतलं चॅनेल, त्यासाठी त्यांनी गच्चीवर वेगळी, मोठी छत्री बसवली होती. बोललेलं एक अक्षर कळत नसे, पण घाटात कोण मागे पडणार हे ते अर्धा तास आधी सांगत.

पहिल्या दिवशी दुपारी ते भिंत धरून, पाय ओढत हॉलपर्यंत गेले. दहा पावलांना पाऊण तास लागला म्हटलं तरी चालेल. सोफ्यावर बसले आणि डाव्या हाताने रिमोट उचलला. भाऊजी बातम्या बघत होते. त्यांनी तो हळूच काढून घेतला. “बाबा, आता काय कळतंय तुम्हाला त्यातलं? उगाच डोळ्यांना त्रास.”

बाबांचा चेहरा लाल झाला. “गाडी,” ते म्हणाले. मग आणखी मोठ्याने, “गाडी!”

“बघ, लागले गाडी गाडी करायला,” भाऊजी म्हणाले.

“भाऊजी, त्यांना सगळं कळतं,” मी दारातून म्हणाले.

“तू शिवणकाम करतेस ना? ते कर.”

मी बाबांना मागे घेऊन आले.  कापायला घेतलेल्या कापडावर कात्री चालवली ती सरळ खुणेबाहेर गेली. गिऱ्हाइकाचं कापड, वाया गेलं. तेव्हा मी ठरवलं की या खोलीत शर्यत दिसणार. कशी, ते मला माहीत नव्हतं.

आधी मी डिशच्या सेवा केंद्राला फोन लावला. तिथली बाई उंटावरून शेळ्या हाकत होती. दुसऱ्या खोलीसाठी दुसरा बॉक्स, दुसरी जोडणी, घरमालकाची सही, आणि हे चॅनेल तर आमच्याकडे नाहीच. “एका बॉक्सवरून दुसऱ्या खोलीत दिसतच नाही, मॅडम.”

मी फोन ठेवला तर बाबा हसत होते. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होते. त्यांनी बोटाने कागद मागितला. मी कापडावर खुणा करायचा खडू आणि एक खाकी कागद दिला. डाव्या हाताने, लहान मुलासारख्या थरथरत्या रेघांनी त्यांनी एक चौकोन काढला, त्यावर छत्री. मग दुसरा चौकोन, दोन शिंगांचा. मग तिसरा, आणि तिसऱ्याकडे बोट करून समोरच्या भिंतीवरचा टीव्ही दाखवला. शिंगांचा चौकोन म्हणजे हॉलमधलं इंटरनेटचं राउटर. तीनही चौकोन त्यांनी रेघेने जोडले.

“म्हणजे हॉलमधल्या बॉक्समधलं चित्र घरातल्या नेटवरून इकडे आणायचं?”

“गाडी!” ते म्हणाले. ही ‘हो’वाली गाडी होती.

बॉक्स आणि राउटर हॉलमध्ये शेजारी शेजारी होते, आणि त्यांना जोडणारी वायर बाबांनी पूर्वीच घातली होती. राहिली मागची खोली. मध्ये दोन जाड भिंती, हवेतून नेट पोचायचं नाही. वायर ओढणं भाग होतं. आजारपणापासून बंद असलेल्या त्यांच्या छत्र्यांच्या दुकानातून मी वायरचं वेटोळं, पारदर्शक टोकं आणि ती टोकं दाबून बसवायचा चिमटा आणला. दुकानाची एक किल्ली माझ्याकडे होती, हे भाऊजींना माहीत नव्हतं.

वायर सोलली तर आत आठ तारा, आठ रंगांच्या. कोणती आधी, कोणती नंतर?

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. रंगाचं नाव काही येईना. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी दोऱ्यांच्या रिळांचा डबा त्यांच्या मांडीवर उपडा केला.

 ते एकेक रीळ उचलून खाटेच्या कडेला रांगेत ठेवायला लागले. पांढरं आणि नारिंगी जोडीने, मग नुसतं नारिंगी. पांढरं-हिरवं. निळं. पांढरं-निळं. हिरवं. पांढरं-तपकिरी. शेवटी तपकिरी. पांढरी रिळं कमी पडली तर त्यांनी पांढऱ्या बटणांनी भागवलं. एकदाही अडखळले नाहीत.

मी त्या रांगेसमोर खाली जमिनीवर बसले. या माणसाला काही कळत नाही म्हणतात! माझं अंग रागाने गरम झालं होतं, आणि खरं सांगायचं तर आनंदानेही.

वायर मी भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून हॉलपर्यंत नेली. जाऊबाई बघत होत्या. “हे काय चाललंय?”

“बाबांना टीव्ही लावतेय.”

“ह्यांना विचारलंस?”

“नाही,” मी म्हटलं आणि खिळा ठोकला.  जाताना त्या स्टूल माझ्याकडे सरकवून गेल्या.

पुढचं काम बोटांचं. बॉक्सला घरातल्या नेटवर एक पत्ता असतो, टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा. तो सेटिंगमध्ये सापडला. मोबाइलवर तो पत्ता टाकला तर बॉक्सचं पान उघडलं, सगळ्या चॅनेलांच्या यादीसकट. ती यादी छोट्या टीव्हीतल्या, नेटवरचं चित्र दाखवणाऱ्या प्लेअरला द्यायची होती. माझ्या तीन चुका झाल्या. प्रत्येक वेळी बाबा डाव्या हाताने खाटेवर थाप मारायचे, म्हणजे परत पहिल्यापासून.

चौथ्यांदा पडदा हिरवा झाला. हिरवा म्हणजे डोंगर. मग रस्ता, आणि रस्त्यावर रंगीबेरंगी मुंग्यांसारखे सायकलवाले. बाबांनी एक आवाज काढला, तो ‘गाडी’ही नव्हता.

दहा मिनिटं. मग चित्र थिजलं आणि गेलं. हॉलमधून बातम्यांचा आवाज आला. भाऊजी घरी आले होते, त्यांनी चॅनेल बदललं होतं. त्यांनी तिकडे बदललं की इकडचं तुटायचं.

मी हात टेकले. पण बाबांनी कागद ओढून छत्रीपासून बॉक्सपर्यंतची रेघ दोनदा गिरवली, शेजारी शेजारी. दोन रेघा, दोन केबली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॉक्स दोन चॅनेल एकदम घेऊ शकणारा होता, पण गेल्या वर्षी रंगकामाच्या वेळी भाऊजींनी एक केबल “लोंबकळते, घाण दिसते” म्हणून काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बाह्या सरसावून गच्चीवर गेले. केबल टाकीमागे वेटोळं होऊन पडली होती. ती जिन्यातून खाली सोडली. वरचं टोक छत्रीच्या तोंडाशी असलेल्या डबीत बसवायचं होतं, त्यासाठी टाकीच्या कठड्यावर उभं राहणं भाग होतं. राहिले.  समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. खाली कोणीतरी म्हणालं, “छत्रीवाल्यांची सून वर चढलीय!”

खाली आले तर भाऊजी जिन्यात उभे. “शोभतं का हे? सगळी गल्ली बघतेय.”

“बघू देत. त्यांच्या घरातलं चित्रही बाबांनीच आणलंय.”

“पडली असतीस तर?”

“तर माझ्या खाटेसाठी मागची खोली आहेच की.”

भाऊजी वळून निघून गेले. मी केबल बॉक्सच्या मागे दुसऱ्या तोंडाला लावली. हॉलमध्ये बातम्या आणि मागे घाट, दोन्ही एकदम सुरू.

तिसऱ्या दिवशी भाऊजी एका डॉक्टरांना घेऊन आले. आमचे नेहमीचे नव्हेत, नवीन. तेव्हा कुठे मला कळलं की एक कागद तयार होता. बाबांना व्यवहार समजत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं की दुकानाचा ताबा भाऊजींकडे जाणार, आणि दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने. दुकान बाबांच्या नावावर होतं. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टर खाटेशेजारी बसले. “आज वार कोणता, काका?”

“गाडी.”

“हा कोण? तुमचा मुलगा ना?”

“गाडी.”

भाऊजींनी निःश्वास सोडला. “बघितलंत? मी काय सांगत होतो.”

“डॉक्टर,” मी म्हणाले, “तुम्ही त्यांना शब्द विचारताय. शब्दच तर गेलेत. त्यांना काम विचारा.”

“तू मध्ये पडू नकोस,” भाऊजी म्हणाले.

“पडणार. या खोलीत मी रोज दहा तास बसते, तुम्ही दहा मिनिटं नाही.” माझा आवाज चढला होता, खालीही ऐकू गेला असेल. “डॉक्टर, हा टीव्ही हॉलमधल्या बॉक्सवरून चालतो. हॉलमध्ये जा आणि तिथलं वाटेल ते बिघडवा. आम्हाला सांगू नका.”

 डॉक्टर तरुण होते, त्यांना गंमत वाटली असावी. उठून हॉलमध्ये गेले. मिनिटभराने शर्यत गेली, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी ओळ आली, हॉलमधल्या बातम्या मात्र ऐकू येत होत्या, आणि ते परत येऊन हाताची घडी घालून उभे राहिले.

बाबांनी ती ओळ वाचली. शांतपणे वाचली. मग मी नेलेल्या वायरकडे बोट केलं आणि मान हलवली. तिचा दोष नाही. राउटरची शिंगं बोटांनी दाखवली, मान हलवली. तेही नाही. मग बोट वर छताकडे गेलं, छतावरून हवेत हॉलच्या भिंतीपर्यंत खाली आलं आणि थांबलं. तिथे त्यांनी दोन बोटं उभी केली, आणि त्यातलं दुसरं वाकवलं.

“दुसरी केबल,” मी म्हणाले. “बॉक्सच्या मागची. बरोबर?”

“गाडी,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न विचारा.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी बाबांचा डावा हात हातात घेतला. “काका, मी तीच सैल केली होती,” ते म्हणाले. मग भाऊजींकडे वळले. “यांचे शब्द हरवलेत, अक्कल नाही. मी हा कागद लिहिणार नाही. वाचा परत आणण्याचे व्यायाम असतात, ते सुरू करा. आतापर्यंत का केले नाहीत?”

 भाऊजी कागदाची घडी करत राहिले, लहान, आणखी लहान. वाईट माणूस नाहीत ते. त्यांना बापाचं ते वाकडं तोंड बघवत नव्हतं, आणि न बघण्याची त्यांनी सोय करून घेतली होती. पण त्या सोयीची किंमत बाबांनी का द्यावी?

त्यानंतर ते आमच्याशी महिनाभर बोलले नाहीत. शर्यत संपली. बाबा ‘पाणी’ म्हणायला शिकले, मग ‘नको’, आणि मग ‘नको’ जरा जास्तच वापरायला लागले. खाट मी परत हॉलमध्ये हलवायला निघाले तर म्हणाले, “नको.” मागची खोली त्यांना आवडली होती. नवऱ्याला फोनवर दुकान उघडतेय म्हटलं तेव्हा पुन्हा, “दादाला विचारलंस का?” मी सांगितलं, “बाबांना विचारलं,” आणि फोन त्यांच्याच कानाला लावला.

दुकान आम्ही उघडलं. आता माझं शिवणयंत्र तिथेच, काउंटरच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बाबा, खुर्चीत, समोर पाटी आणि खडू. पहिल्या आठवड्यात एकच माणूस आला. त्याला छत्रीवरचं चित्र घरातल्या तीन खोल्यांत हवं होतं. त्याने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुकानाच्या आत कोणी पुरुष दिसतो का तेही पाहिलं.

“पण गच्चीवर चढणार कोण?”

मी सुई कापडात खोचली आणि उठले. “मी चढणार. तुम्ही शिडी धरा.”