शेपटीवरच्या रेघा

प्रयोगशाळेच्या प्राणीघरातल्या मावशी उंदरांना दिवसभर शिव्या देत आणि त्यांचा पिंजरा मात्र लख्ख ठेवत. बावीस वर्षं दोन्ही बिनबोभाट चाललं होतं.

या खेपेला पिंजऱ्यात वीस उंदीर होते. निम्म्यांना लस टोचलेली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांच्याच रक्तात तापाचे परजीवी सोडलेले. हवापाणी सारखं मिळावं म्हणून सगळे एकत्र. ओळख एवढीच, की लसवाल्यांच्या शेपटीवर दोन रेघा आणि बाकीच्यांच्या एक. उंदीर चाटून चाटून त्या पुसत, म्हणून मावशी एक दिवसाआड मार्करने त्या गडद करत. डॉक्टरीणबाईंनी या लशीपायी नऊ वर्षं घातली होती. आता लागू पडली नाही तर प्रयोगशाळेला कुलूप, असं वरून बजावलं होतं.

नेमकी तेव्हाच मावशींची लेक बाळंत झाली. बदलीवर आलेल्या माणसाला मावशींनी दाणा, पाणी, भुसा सगळं दहादा समजावलं. रेघांचं तेवढं राहिलं. ते काम त्यांच्या हाताच्या सवयीचं, तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

सहा दिवसांनी त्या परतल्या, तेव्हा पंधरा उंदीर मेले होते आणि पाच धडधाकट होते. जिवंत असो की मेलेला, एकाच्याही शेपटीवर रेघ नव्हती. मावशींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं,

"रक्त तपासून नाही का कळणार?"

"आता ताप सगळ्यांनाच होऊन गेलाय, रक्तात सारखंच दिसणार." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशी, तुम्ही एकेकाला वेगळी शिवी देता. ओळखत असाल ना? तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

मावशींनी एकेकाला तळहातावर घेतलं. पाचही लसवाले, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. मग परवाच न्हाऊमाखू घातलेला नातू आठवला. उद्या त्यालाही हीच लस टोचली तर?

"नाही ओळखत, बाई. चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "प्रयोग संपला, की उरलेले जिवंत ठेवता येत नाहीत. सुई मी देते, तुम्ही धराल?"

मावशींनी धरले. हात रोजचा होता, म्हणून पाचांतला एकही चावला नाही.