वर जाताना कुणाचं बोट

डेल्मीला चर्चमधल्या शेवटच्या बाकाची शिक्षा झाली ती एका आकाशपाळण्यापायी, आणि चुगली केली तिच्याच पोटच्या पोरीनं.

गावच्या संताची जत्रा होती. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी जत्रेला जायचं नाही, हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. ढोल, दारू, मिरवणुकीत नाचवलेल्या मूर्ती. पाळक ओब्दूलिओ म्हणायचे, तिथल्या धुळीनंसुद्धा माणसाचा आत्मा मळतो. डेल्मी गेली होती ती केरेनला चपला घ्यायला, कारण स्वस्त चपलांचं दुकान जत्रेतच लागतं. पण चपला घेऊन निघता निघता पाच वर्षांची केरेन पाळण्यासमोर उभीच राहिली. हट्ट नाही, रडणं नाही. नुसती मान वर करून बघत राहिली. हट्ट केला असता तर डेल्मीनं एक धपाटा घालून ओढत नेली असती. त्या गप्प उभ्या राहण्यापुढे मात्र तिचं काही चालेना.

पाळणा अगदी वर जाऊन थांबला तेव्हा केरेननं आईचं बोट असं आवळलं, की नख रुतलं.

"आई, देव इथंच राहतो?"

"अजून वर."

"मग अजून एक चक्कर मारूया ना."

पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कर्णा वाजला, प्रभू आला, की आपण कुठं जाणार?" सगळी पोरं ओरडली, "वर!" आणि केरेन उभी राहून म्हणाली, "मी जाऊन आले. आईबरोबर. वरून आपलं चर्च खोक्याएवढं दिसतं. आणि पाळकांची चड्डी वाळत घातलेली दिसते."

पोरं खिदळली. बाई खिदळल्या नाहीत.

डेल्मी तीन महिने शिस्तीखाली. म्हणजे दाराजवळचा बाक. गाणं म्हणायचं नाही, प्रभुभोजन नाही, गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेला यायचं नाही. तिच्याशी बोलू नका असं कुणी कुणाला सांगत नाही. ते सांगावं लागतच नाही. पूर्वी गल्लीतून जाताना चार बायका म्हणायच्या, "देव तुझं भलं करो, डेल्मी." आता त्याच बायकांना आपापल्या उंबऱ्यावर काहीतरी महत्त्वाचं सापडायचं, आणि डेल्मी पुढे जाईपर्यंत त्या तेच निरखत बसायच्या. सगळी गल्ली मंडळीचीच. चर्चच्या मागच्या जमिनीवर भावाबहिणींनी मिळून घरं बांधलेली. एका घरात कांदा चिरला की पाच घरांचे डोळे चुरचुरायचे, इतकी जवळ. त्यातच एकटं पडायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं.

नवरा असता तर त्याच्याशी तरी भांडली असती. विल्मर सीमेपलीकडे उत्तरेला कमवायला गेला तेव्हा केरेन पोटात होती. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणासुदीला, मग आलाच नाही. तो गेला तेव्हा काही कर्णा वाजला नव्हता. माणसं अशी हळूहळूही जातात.

शेजारच्या इडालियाताई तेवढ्या बऱ्या. त्या मोठ्या उपासकरी बाई, गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत प्रार्थना करणाऱ्या. त्यासुद्धा डेल्मीशी फारसं बोलायच्या नाहीत, पण सकाळी ती मका दळायला गेली की केरेनला आपल्या अंगणात बसवून घ्यायच्या. "लेकराचा काय दोष," म्हणायच्या. म्हणायच्या मात्र कोंबड्यांकडे बघून.

लेकराचा दोष नाही, हेच तर डेल्मीच्या काळजात रुतून बसलं होतं. कर्णा वाजला की प्रभू आपल्या माणसांना अंगावरच्या कपड्यांतून जिवंत वर उचलणार, आणि बरंवाईट कळायच्या आतली लेकरं तर सगळीच्या सगळी नेणार. कुणाचीही असोत, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावणाऱ्यांची असोत की दारुड्यांची. त्यावर कुणाचं दुमत नाही. आणि जो शिस्तीखाली आहे, त्याचा दिवा विझलेला, तो खालीच राहणार. पाळक दर रविवारी सांगायचे: जात्यावर दोघी दळत असतील, एक घेतली जाईल, एक राहील. शेवटच्या बाकावरून ते ऐकताना डेल्मीला आपल्याच घरातल्या दोघी दिसायच्या. राहायचं तिला भय नव्हतं. राहिलेल्यांवर म्हणे दुष्काळ येणार, छळ येणार. येऊ देत. पण केरेन वर एकटी पोचणार. एवढ्या गर्दीत. दुपारी दोघी टांगलेल्या मोठ्या झोळीत झोपायच्या, तेव्हा डेल्मी पोरीच्या झग्याचा बंद आपल्या झग्याला गाठ मारून ठेवायची. तो बंद देवाला अडवणार नाही, हे तिला कळत होतं. तरी रोज गाठ मारायची.

त्या शनिवारी गिरणीवर गर्दी होती. गिरणी तोन्यामावशीची, हमरस्त्याच्या कडेला. मावशी कॅथलिक, तोंडानं फटकळ, गळ्यात तीन संतांची पदकं. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका पट्ट्याच्या घरघराटात दळून निघत होता, तेवढ्यात त्या घरघराटाच्याही वरताण एक लांबच लांब भोंगा वाजला. डेल्मीला वाटलं, पाववाला आज जोरात आहे. ओल्या पिठाचं घमेलं डोक्यावर घेऊन ती परत निघाली.

गल्लीच्या तोंडाशी आली आणि थबकली.

आवाज नव्हता. दारं उघडी होती, चुलींतून धूर निघत होता, आणि माणूस नव्हतं. पहिल्या घरात तव्यावर भाकरी काळी पडून कोळसा होत होती. दुसऱ्या घरात नळ वाहत होता आणि बादली भरून पाणी अंगणात पसरलं होतं. एक रेडिओ स्तोत्र गात होता, कुणासाठी कोण जाणे.

"इडालियाताई!"

इडालियाताईंच्या दारात त्यांच्या चपला होत्या. एक सुलटी, एक उलटी, जणू पाय त्यांतून वरच्या वर उचलले गेले होते. आणि आत फरशीवर केरेनचा पिवळा झगा पडला होता, गोल. जत्रेतल्या नव्या चपला त्याच्या शेजारी.

डोक्यावरचं घमेलं कसं उतरवलं ते डेल्मीला पुढे कधी आठवलं नाही. आठवलं एवढंच, की ती किंचाळली नाही. भोंगा आठवला. पाववाल्याचा भोंगा कधी एवढा लांब वाजतो का? कर्णा वाजला होता, आणि ती पिठाच्या रांगेत पुढे कोण मागे कोण बघत उभी होती.

ती तिथेच झग्याशी बसली. गुडघे टेकून क्षमा मागावी, मलाही ने म्हणावं, हे तिला सुचायला हवं होतं. लहानपणापासून तेच तर शिकवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. शेजारणीकडे पोर ठेवून गावाला जाताना बाई जसं सांगते तसं ती वर बघून सांगू लागली.

"तिची वेणी घातलेली नाही आज. डाव्या बाजूला गुंता होतो, तिथून ओढू नका, रडते. दूध गरम पीत नाही. शू लागली की सांगत नाही, नुसती एका पायावर उभी राहते, ते बघावं लागतं. आणि उंचावर भिते. भीत नाही असं दाखवते, पण भिते. कुणीतरी बोट द्या तिला. आत्या-काकू कुणीही चालेल. नुसतं बोट दिलं की पुरतं."

एवढं सांगून झालं. पहिल्या घरातून करपल्याचा वास येत होता.

मग ती उठली. जळतंय ते जळू द्यावं, असं बायकांच्या हाताला जमत नाही. तिनं पहिल्या घरातली कोळसा झालेली भाकरी काढून टाकली, विस्तवावर पाणी मारलं. नळ बंद केला. तिसऱ्या घरातला घेवडा उतरवून झाकून ठेवला. पाळकांच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथेही जाऊन उतू जाणारी कॉफी खाली घेतली आणि चार गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. कुणासाठी, हा प्रश्न तिला पडला नाही. रेडिओ तेवढा बंद केला नाही. तेवढाच एक आवाज होता.

इडालियाताईंच्या कोंबड्या पायात येत होत्या. त्यांना दाणे टाकता टाकता तिच्या हातातला मका थांबला.

लेकरं. सगळीच्या सगळी. कुणाचीही असोत.

तोन्यामावशीचा नातू! चार महिन्यांचा चेपे, गिरणीमागच्या खोलीत झोळीत असतो. तो जर नसेल, तर झालं. आणि जर असेल...

ती अनवाणी धावली.

"काय गं, पीठ विसरलीस की अक्कल?" तोन्यामावशी पट्ट्यावरून ओरडली.

"चेपे कुठाय?"

"झोळीत. का? न्यायचाय? ने बाई, उपकार होतील. रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही मेल्यानं."

डेल्मीनं झोळी फाकवली. चेपे जागा होता. स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या कामात गढला होता, आणि मधेच कोण कडमडलं म्हणून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. डेल्मीनं त्याला उचलून छातीशी धरला. त्यानं लगेच तिचा झगा ओला केला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे हुंदके थांबेनात.

तोन्यामावशीनं गिरणी बंद केली. एवढी रांग असताना बंद केली. "अगं झालंय काय?"

"कुणी नाहीये मावशी. गल्लीत कुणीच नाहीये. केरेन..."

"नसेलच की. सगळी मंडळी तुमची नदीवर गेली. पाववाला आत्ताच सांगून गेला. पांढरे कपडे घालून बटाट्यासारखी गाडीत कोंबली होती म्हणे, आणि ड्रायव्हरनं भोंग्यावरचा हात काढला नाही. आज बाप्तिस्मे ना? दुपारी धरणाचं पाणी सोडणार असा निरोप आला, म्हणून पळाले आत्ताच. तुझी पोरही असेल त्यांच्यात." मग तोन्यामावशीनं तिच्याकडे नीट बघितलं. "तुला सांगितलं नाही कुणी?"

गुरुवारच्या प्रार्थनेत सांगितलं असणार.

"नाही," डेल्मी म्हणाली.

चेपेनं तिचा कान धरला होता. तो सोडवून घ्यायला तिला बराच वेळ लागला. केरेन नदीवर होती, सुखरूप होती, कर्णा वाजला नव्हता. आनंदानं उडी मारावी अशी गोष्ट. पण मघाशी त्या रिकाम्या घरात देवाशी बोलताना वाटलं नव्हतं इतकं एकटं तिला आत्ता वाटलं, रांगेतल्या आठदहा बायका बघत असताना.

"बस. कॉफी घे," तोन्यामावशी म्हणाली.

"नको. पीठ उघडं राहिलंय."

दुपार टळल्यावर गाडी गात गात परत आली. केरेन इडालियाताईंच्या कडेवरून घसरली आणि धावत आली. अंगात कुणाचातरी मोठा पांढरा सदरा, केस ओले, डाव्या बाजूला हा गुंता.

"आई, तू का नाही आलीस? मी तुला हाका मारल्या गाडीतून. तुला ऐकू आलं नाही?"

"गिरणी चालू होती गं."

संध्याकाळी इडालियाताई दारात आल्या. हातात पाळकांच्या घरच्या, फडक्यात गुंडाळलेल्या त्या भाकऱ्या. या वेळी त्यांना बघायला कोंबड्या नव्हत्या.

"सगळ्या घरांच्या चुली तू विझवल्यास?"

"हो."

"पाळकीणबाई म्हणतात देवदूत आला होता." त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांनाही दाणे टाकलेस. आम्ही नदीवर गेलोत हे ठाऊक होतं का तुला?"

पिवळा झगा दोरीवर वाळत होता, त्याच्याकडे इडालियाताईंची नजर गेली. तिथून स्वतःच्या पायांतल्या चपलांकडे. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई माझे... तुला वाटलं, आम्ही गेलो?"

"हो."

"मग भाकऱ्या कशाला झाकून ठेवल्यास, वेडे? आम्ही परत कुठं येणार होतो!"

"गरम होत्या ना," डेल्मी म्हणाली.

इडालियाताईंनी डोक्यावरचा रुमाल पदरासारखा तोंडाला लावला. शिस्तीचे अजून पाच आठवडे बाकी होते, आणि त्या नियमानं चालणाऱ्या बाई होत्या. त्या आत आल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत. उंबऱ्यावर बसल्या, पाठ गल्लीकडे करून, काळोख पडेपर्यंत. निघताना म्हणाल्या, "देव तुझं भलं करो, डेल्मी." चांगलं मोठ्यानं म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशी चर्चला जायच्या आधी डेल्मीनं केरेनला पुढ्यात बसवलं आणि फणी तिच्याच हातात दिली.

"आज तू घाल तुझी वेणी."

"मला येत नाही."

"शिकायचं. तीन पेड करायचे. हा याच्यावरून, मग तो त्याच्यावरून."

"तू घाल ना. तू आहेस की."

"आहे गं. तरी येऊ दे."

केरेननं दोनदा प्रयत्न केला, तीनदा केला. मागचं दिसेना, हात दुखले, पेड सुटले. मग तिनं फणी आपटली. "असं नाही येत मला! आधी तुझी घालते. तुझी दिसते तरी."

डेल्मी तिच्याकडे पाठ करून खाली बसली. आंबाडा सोडला. चर्चची घंटा झाली. गल्लीतून पांढरे झगे, पॉलिश केलेले बूट, हातातली बायबलं पुढे निघाली. केरेननं आईचे केस दोन्ही मुठींत गच्च धरले, तिसरा पेड धरायला हात उरेना म्हणून तो दातांत धरला.

"हलू नकोस," ती दातांतूनच म्हणाली.

"नाही हलत."

घंटा दुसऱ्यांदा झाली. गल्ली रिकामी झाली. डाव्या बाजूला जोरात ओढलं गेलं, डोळ्यांत पाणी आलं. डेल्मी हलली नाही.