सीटच्या पाठीमागची माया

धाकट्या सुनेनं मालकीणबाईंना न विचारता कात्री चालवली, आणि तीही त्यांचीच. मालकीणबाईंचं म्हणणं, हात धुऊन पदराला पुसावेत इतक्या सहज तिनं हे केलं. दुपारी सगळ्या बायका जेवायला बसल्या तेव्हा ही मागे राहिली, आणि सासूनं बेतलेल्या सीटच्या खोळींपैकी एक उचलून तिची चारी बाजूंची माया कापून टाकली. वर साळसूदपणे घडी घालून ठेवली.

"एका खोळीत काय होतंय, आई?" धाकटी म्हणाली.

"आज खोळ कापलीस, उद्या माझं नाक काप."

शिवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या आणि मशिनी जरा जोरात चालवल्या, हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. कपडा धुऊन आटला की शिवण उसवायची आणि तेवढं सैल करायचं. या कारखान्यातून बिनमायेचं काही बाहेर पडलं नव्हतं. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याची एक लांब शेड, दोन रांगा मशिनी, टोकाला कटिंगचं टेबल. त्या टेबलाशी मालकीणबाई उभ्या. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण कापड नुसतं चिमटीत धरून ते किती आटेल ते सांगायच्या, आणि चुकल्या तर कापडालाच शिव्या घालायच्या.

आताचं काम मात्र नेहमीचं नव्हतं. दोन मोठ्या देशांनी मिळून आगगाड्यांचा कारखाना काढायचं ठरवलं होतं, एक आपला आणि एक समुद्रापलीकडचा. टीव्हीवर दोन्हीकडच्या साहेबांनी इतका वेळ हात हातात धरून ठेवले, की मालकीणबाई म्हणाल्या, "आता सोडा, घाम आला असेल." डब्याचा सांगाडा आणि सीटा त्यांच्या, कापड आपलं, असं कागदावर पक्कं झालं. खोळी कुठे शिवायच्या ते तेवढं राहिलं होतं. नमुना पसंत पडला तर याच शेडमध्ये. नाही पडला तर आपलं कापड जहाजात बसून पलीकडे जाणार आणि शिवून परत येणार. मालकीणबाईंची रात्रीची झोप उडायला एवढं पुरेसं होतं, कारण शाळेच्या गणवेशांचं जुनं काम केव्हाच एका बड्या कंपनीनं नेलं होतं आणि अर्ध्या मशिनींवर चादरी टाकलेल्या होत्या.

नमुना बघायला पाहुणी आली. पलीकडच्या देशाची तपासनीस, बांधा लहानसा, केस कानापर्यंत कापलेले. बरोबर दुभाष्या, एक खरीखुरी सीट आणि खोळीच्या मापांचा नकाशा. चहा पुढे केला तर तिनं दोन्ही हात जोडून नको म्हटलं, आधी काम.

"चहात काय विष कालवलंय?" मालकीणबाई दुभाष्याला म्हणाल्या. "सांग तिला."

दुभाष्यानं काहीतरी सांगितलं. पाहुणी गोड हसली.

"मी काय बोलले आणि तू काय सांगितलंस रे?"

"तुमचा चहा छान दिसतोय म्हणालो, बाई."

आधी मालकीणबाईंची खोळ चढवली. सीटच्या पुढच्या कडेला प्लॅस्टिकच्या क्लिपा होत्या, त्यांत कापडाची कड दाबून बसवायची. मायेमुळे कड जाड झालेली. पाहुणीनं दाबलं, बसेना. दुभाष्यानं दाबलं, बसेना. मग मालकीणबाईंनी मनगटाचा सगळा जोर लावला, आणि क्लिप कट्‌कन तुटून थेट चहाच्या ट्रेमध्ये पडली.

शेडमध्ये मशिनी थांबल्या.

मग धाकटीनं गुपचूप आपली खोळ पुढे केली. ती सीटवर अशी बसली, जणू सीटला कातडीच फुटली. उरलेल्या सगळ्या क्लिपा लागल्या. पाहुणीनं कडेवरून बोट फिरवलं, मान हलवली. बायकांचे चेहरे फुलले.

मालकीणबाईंचा चेहरा तेवढा फुलला नाही. आपली हार झाली हे त्यांना दिसत होतं, आणि ते बोलून दाखवण्याइतकी त्यांची जीभ कधी वळलेली नव्हती. त्यांनी खोळीचं कापड चिमटीत धरून बघितलं.

"धुवा," त्या म्हणाल्या.

"आई, पसंत पडलंय," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. "आता कशाला?"

"आज पसंत पडलंय. गाडी काय आजच्या दिवसच चालणार आहे? धुवा."

खोळ उकळत्या पाण्यातून काढली, पिळली, इस्त्रीच्या टेबलावर वाळवली. पुन्हा चढवली तेव्हा कड क्लिपेपासून बोटभर लांब राहिली. धाकटीनं ओढली, पाहुणीनं ओढली, दोघींची तोंडं लाल झाली.

पाहुणी घाईघाईनं बोलू लागली. दुभाष्या म्हणाला, "त्यांच्याकडे खोळ काढतच नाहीत. यंत्रानं वरच्यावर साफ करतात. धुवायची ही गोष्ट नकाशात धरलेलीच नाही."

"इथे पोरं सीटवर दूध सांडतात, माणसं तेलकट डोकी टेकतात. वरच्यावर पुसून काय होणार? आणि हे कापड एकदाच आटून गप्प बसणारं नाही, दर धुण्याला थोडं थोडं आटणार."

 पाहुणीनं हातातला नकाशा गुंडाळायला घेतला. शेडमधल्या प्रत्येक बाईला कापड घेऊन जाणारं जहाज दिसलं.

तेवढ्यात धाकटी जमिनीवर बसली आणि तिनं सीट उलटी केली. पाठीमागे, सीट सांगाड्याला जोडतात तिथे, ओंजळभर पोकळी होती.

"आई, इथे क्लिप नाहीये."

मालकीणबाई वाकल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या बसल्या. पोकळीत हात घालून बघितला. मग उठल्या, कापड ओढलं आणि कात्री हातात घेतली. पुढची कड अगदी नकाशाबरहुकूम, बिनमायेची कापली. जास्तीचं सगळं मागे नेलं. तिथे कच्ची टीप घातली, उसवली की सैल होईल अशी. शिवायला स्वतः बसल्या. धाकटी कापड धरून शेजारी उभी.

नवी खोळ चढली, क्लिपा लागल्या. धुतली. मागची टीप उसवली. पुन्हा चढली, पुन्हा लागल्या.

पण नकाशात अशी घडी नव्हती, आणि नकाशा बदलायचा अधिकार पाहुणीला नव्हता. तिनं आपल्या साहेबांना फोन लावला. आधी नम्र बोलली, मग उभी राहिली, मग शेडच्या दारापर्यंत जाऊन हात उडवत बोलली.

"काय म्हणतेय?" मालकीणबाईंनी विचारलं.

दुभाष्या घुटमळला. "म्हणतेय... तुम्ही इथे या आणि स्वतः ओढून बघा."

"हं," मालकीणबाई म्हणाल्या. "बाई बरी आहे."

पाहुणी परत आली ती कपाळ पुसत, साहेबांचा होकार घेऊन. नकाशा टेबलावर पसरला, सीटच्या पाठीमागे लाल पेन्सिलीनं घडी काढली, खाली सही केली. पहिल्या गाडीच्या सगळ्या खोळी इथेच शिवायच्या. ती गाडी उन्हाळाभर चालवून बघायची, मग पुढच्या. हे सांगून झाल्यावर तिनं आपणहून चहा मागितला. तो केव्हाच गार झाला होता, म्हणून नवा ठेवला.

बायकांनी मशिनींवरच्या चादरी ओढून काढल्या. धूळ उडाली, पाहुणी शिंकली, सगळ्या हसल्या.

धाकटी फरशीवरच्या चिंध्या गोळा करत होती. मालकीणबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीनं खालूनच विचारलं, "अजून रागावलाय का, आई?"

मालकीणबाईंनी कमरेची कात्री काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"रागावलेय तर. कटिंगचं टेबल उद्यापासून तुझं, पण कात्री चालवायच्या आधी मला विचारायचं. मी नको म्हणेन. मग चालवायची."