कवळीवाल्याचा शब्द

धाकटीला नोकरी मिळाल्यातच जमा होती. दातांच्या मोठ्या दवाखान्यात कवळ्या करायचं काम. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातचे नमुने पाहिले, पसंत केले आणि जाता जाता म्हणाल्या की जुन्या मालकांशी एकदा बोलून घेते, मग सोमवारपासून या. झालं, तिथंच माशी शिंकली.

जुना मालक म्हणजे कवळ्यांच्या दुकानाचा म्हातारा. बाईंनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘आत्ता वेळ नाही’ म्हणून त्यानं ठेवून दिला. पोरगी चांगली म्हणेना की वाईट म्हणेना, आपला मूग गिळून बसलेला. शुक्रवारपर्यंत त्यांचा शब्द आला नाही तर दुसऱ्या मुलीला घेईन, असं बाईंनी कळवलं. काम सुटल्यापासून धाकटी दादाच्या घरी राहत होती. वहिनी चकार शब्द बोलत नसे, उलट पानात आग्रहानं वाढायची. नेमका तोच घास धाकटीच्या घशाखाली उतरत नसे.

आणि भांडण तरी कशावरून, तर एका आजीच्या कवळीवरून! म्हाताऱ्याच्या दुकानाचा शिरस्ता एकच: दात कसे एका ओळीत हवेत. धाकटीनं आजीचा तरुणपणीचा फोटो पाहून पुढचा एक दात जरासा वाकडा बसवला, मुळात होता तसा. म्हाताऱ्याला वाटलं, पोरीचा हात चुकला. गिऱ्हाइकांसमोर त्यानं तिला फैलावर घेतलं आणि कवळी मोडून टाकली. धाकटीही काही कमी नाही, त्याच पावली काम सोडून निघून आली. आता खरं बोलायचं तर दोघांचंही चुकलं. तिनं आधी विचारलं नाही, त्यानं नंतर विचारलं नाही.

शुक्रवारी मनाचा हिय्या करून ती दुकानात गेली. म्हातारा एकटाच कवळी घासत बसला होता. तिनं माफी मागितली, विचारायला हवं होतं म्हणाली. त्यानं नुसतं ‘हं’ केलं, मान काही वर केली नाही. मग तिनं सरळ बाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो त्याच्यापुढे ठेवला.

“चांगलं सांगू नका काका,” ती म्हणाली, “खरं असेल तेवढं सांगा.”

म्हातारा भडकलाच होता, पण पलीकडून बाई नमस्कार म्हणाल्या, आता करतो काय? बोलायला लागला. कामाला हळू आहे. उलट उत्तरं देते. कुणाला न विचारता स्वतःचं डोकं चालवते. धाकटीनं डोळे मिटून घेतले. आटोपला कारभार, दुसरं काय.

बाईंनी शांतपणे शेवटचा प्रश्न विचारला. ती परत आली, तर तुम्ही तिला घ्याल का?

म्हाताऱ्यानं हातातली कवळी खाली ठेवली.

“तिची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही,” तो म्हणाला. “बरं बोललो असतो, तर तुम्ही तिला नेलं असतं. म्हणून फोन ठेवत होतो.”

बाईंना हवं ते कळलं. मग सोमवारी पाठवून द्या म्हणाल्या.

धाकटीला भडभडून आलं. तिला जागचं हलवेना.

“जा आता,” म्हातारा म्हणाला. “मलाही दुसरं माणूस शोधायचंय.”