घाल म्हणायचं काम

"ताई, दाजी पुन्हा गुडघ्यावर बसलेत."

फोनवर माझा धाकटा भाऊ होता. मागे जेसीबीचं इंजिन नुसतंच घुरघुरत होतं, म्हणजे मशीन सुरू आणि काम बंद. मी गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"सकाळपासून. हॉस्पिटलच्या मागच्या मोकळ्या जागेत. मी काय बोलणार गं त्यांना, चार माणसांसमोर? तूच ये. तुझं ऐकतील."

हे माझं ऐकतात हा माझ्या भावाचा जुना गैरसमज आहे आणि मीही तो कधी दूर केलेला नाही. झालेली भाजी डब्यात भरली, पायात चपला अडकवल्या आणि निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की डबा कशाला घेतला, जेवायची वेळ तर केव्हाच होऊन गेली होती.

भाऊ पाण्याच्या पाइपलाइनची कंत्राटं घेतो आणि हे त्याच्याकडे सुपरवायझर. मालक दाजी म्हणतो म्हणून जेसीबीवाला दाजी म्हणतो, फिटर दाजी म्हणतात, कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा दाजी म्हणतो. "लग्नात तुला एकच भाऊ होता," हे सुरुवातीला म्हणाले होते, "आता तुझं माहेर काही आवरत नाही." तेव्हा अजून थट्टा सुचायची त्यांना.

त्याआधी हे सैन्यात इंजिनियरांच्या पलटणीत होते. पूल बांधले, रस्ते केले, पण पुढची बरीच वर्षं जमिनीत पुरलेले सुरुंग काढण्यात गेली. जमिनीवर फीत लावून अरुंद पट्टी आखायची, गुडघ्यावर बसायचं, सळई तिरकी धरून हळूच मातीत सारायची, काही लागलं नाही तर बोटभर पुढे सरकायचं. पट्टी संपली की 'साफ' म्हणायचं. त्या एका शब्दावर मागची माणसं पाऊल टाकणार, हे त्यांचं काम.

नोकरी संपवून घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, एवढा कामाचा माणूस, कोणीही उचलून नेईल. एका मोठ्या ऑफिसात मुलाखतीला गेले. समोरच्या मुलीनं हसत विचारलं, "तुमच्या हातून कामात झालेली एखादी चूक सांगा." हे म्हणाले, "आमच्या कामात चूक केलेला माणूस सांगायला येत नाही, मॅडम." तिनं ते लिहून घेतलं आणि पुन्हा बोलावलं नाही. लिफ्टच्या कंपनीला कॉम्प्युटर येणारा माणूस हवा होता. एका बंगल्यावर बंदूक घेऊन दारात उभं राहायला सांगितलं. मी म्हटलं, घ्या. हे म्हणाले, "बंदूक मी सळईइतकी कधी धरलीच नाही गं." शेवटी मीच भावाकडे शब्द टाकला.

काम अगदी साधं होतं. पाइप कुठून जाणार ते आधीच ठरलेलं असतं, चुन्याची रेघ मारलेली असते. सुपरवायझरनं रेघेजवळ उभं राहायचं, हात वर करायचा आणि जेसीबीवाल्याला म्हणायचं, "घाल." डांबर फोडायचं असलं की हे खुशाल म्हणायचे. माती आली की अडायचे. साइटवरचीच एक सळई घ्यायचे आणि बसायचे. इतक्या दिवसांत त्यांना मातीत एक वाकडा चमचा, खेळण्यातल्या मोटारीचं चाक आणि एक कुलूप मिळालं. जेसीबीवाल्यानं ते केबिनच्या काचेपाशी ओळीनं मांडून ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. मनानं वाईट नव्हता तो, पण माणसं हसायची.

गेल्या आठवड्यात भाऊ माझ्याशी स्वयंपाकघरात येऊन बोलला. त्यांच्याशी बोलायची त्याची हिंमत नव्हती.

"ताई, या हॉस्पिटलच्या कामात पुन्हा अडलं तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल. आणि ही वरची खोली सुपरवायझरसाठी बांधलीय, तुला माहीत आहे. मी तरी काय करू?"

वरच्या खोलीतच आमचा संसार होता. तिच्याशिवाय जायला दुसरी जागा नव्हती.

हॉस्पिटलच्या मागे गेले तर भाऊ गाडीला टेकून कपाळ चोळत होता. फिटर पाइपांच्या ढिगावर बसून राहिले होते. समोर मऊ मातीची मोकळी जागा, मधून चुन्याची पांढरी रेघ, पलीकडे हॉस्पिटलची भिंत. अलीकडच्या टोकाला हे गुडघ्यावर. सकाळपासून एका चादरीएवढी जमीन तपासून झाली होती. शर्ट पाठीला चिकटला होता.

"अहो," मी म्हटलं.

"तिथंच थांब." वर बघितलंसुद्धा नाही.

"काय चाललंय हे? इथे रोज मुलं बॉल खेळतात."

"माहीत आहे मला."

"मग?"

"सगळं माहीत आहे गं. इथे काही नाही. काही असणारच नाही." सळई मातीत तशीच धरून ते थांबले. "तोंडातून शब्दच येत नाही, त्याला मी काय करू?"

भाऊ जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, पाया पडतो तुमच्या. आतल्या वॉर्डला पाणी नाहीये. संध्याकाळी इंजिनियर येतोय. नुसता हात वर करा. बोलूही नका."

ह्यांनी हात वर केला. खरंच केला. जेसीबीवाल्यानं बकेट उचललं. मग तोच हात आडवा करून "नको, नको, थांब" असं ते ओरडले. बकेट हवेतच राहिलं. ढिगावरचा एक जण फिसकन हसला आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मला त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराची गोष्ट माहीत होती. एकदाच सांगितली होती त्यांनी, तीही भिंतीकडे तोंड करून. पट्टी ह्यांनीच तपासली होती, 'साफ' ह्यांनीच म्हटलं होतं. रात्री पाऊस झाला आणि वरच्या उतारावरून माती वाहून आली, मातीबरोबर एक सुरुंगही. सकाळी जोडीदार विसरलेली पाण्याची बाटली आणायला त्याच पट्टीवरून गेला. चौकशीत ह्यांच्यावर ठपका आला नाही. "आला असता तर बरं झालं असतं," एवढं म्हणून झोपले होते.

आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मात्र हौसेनं, कितीतरी वेळा. एखाद्या गावाची जमीन साफ झाली की परत देताना सगळी तुकडी तिच्यावरून चालत जायची. एकमेकांचे हात धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गावकऱ्यांच्या देखत. "नुसतं सांगून कोण विश्वास ठेवतो? चालून दाखवावं लागतं."

ते आठवलं आणि मला वाटलं, हाच मार्ग आहे. डोकं चालत नव्हतं माझं. डोळ्यांसमोर ती खोली होती, आणि गुडघ्यावर बसलेला, हसू झालेला माझा नवरा. त्याक्षणी मला त्यांची दया येत नव्हती, चीड येत होती. मी डबा भावाच्या हातात दिला आणि चुन्याच्या रेघेवरून चालायला लागले.

"अगं!"

मी थांबले नाही.

"अगं, थांब! पाय टाकू नकोस! आहेस तिथेच उभी राहा!"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हॉस्पिटलच्या दोन खिडक्या उघडल्या. माती मऊ होती, चपला रुतत होत्या, आणि खोटं कशाला सांगू, मधोमध आल्यावर मलाही भीती वाटली. बॉल खेळायच्या जागेत, भरदिवसा, पुढचं पाऊल टाकायच्या आधी मी खालची माती बघून घेतली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे रोज कुठे उभे असतात.

भिंतीला हात लावून मी वळले. "बघा! काही नाही! मी चालून दाखवलं. आता म्हणा."

ते उभे राहिले. बाजूनं रस्ता होता, डांबरी, वळसा घालून सहज येता आलं असतं. ते आले मातीतूनच. माझ्या पावलांच्या ठशांत एकेक पाय नेमका ठेवत, हात दोन्ही बाजूंना थोडे उचललेले. कोणी हसलं नाही. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

माझ्यापाशी आले आणि पुन्हा गुडघ्यावर बसले. दोन्ही हातांनी माझे घोटे धरले. आधी एक, मग दुसरा, मग चपलेतली बोटं चाचपली. सगळं जागेवर आहे ना, ते बघत होते. एवढ्या लोकांत नवऱ्यानं आपले पाय धरलेत म्हणून मी ओशाळून गेले. "उठा हो, सगळे बघतायत," असं काहीतरी मी पुटपुटले.

"चालायचं असतं," ते हळू म्हणाले, "पण साफ केल्यावर. तू आधी चाललीस."

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस घामानं ओले होते.

पलीकडे माझ्या भावानं स्वतः हात वर केला. त्याचा चेहरा पडला होता. "घाल," तो म्हणाला. बकेट मातीत शिरताना ह्यांचं अंग एकदा आक्रसलं आणि माझ्या घोट्यांवरची पकड घट्ट झाली. मशीन आमच्याकडे येत राहिलं, चर उघडत गेला. माती निघाली, दगड निघाले, दुसरं काही निघालं नाही. हे पाठ फिरवून तसेच बसून होते.

नंतर उठले. शर्टाच्या टोकानं सळई पुसली, दोन्ही हातांनी भावापुढे धरली.

"दाजी, राहू दे तुमच्याकडे," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सावकाश बघा दुसरी जागा. घाई नाही."

"सामान जमा करून जायचं असतं," हे म्हणाले. भावानं सळई घेतली आणि डबा माझ्या हातात दिला.

आम्ही निघालो. जेसीबीवाल्यानं काचेपाशी मांडलेलं कुलूप, चाक, चमचा सगळं उचलून खिशात टाकलं आणि तो केबिनमधून खाली उतरला.

रस्त्यावर आल्यावर हे थांबले. "आता मी पुढे," म्हणाले.

"घरापर्यंत डांबरच आहे हो."

"असू दे. मी पुढे."

ते पुढे झाले, मान खाली, अगदी सावकाश. डबा गार झाला होता. मी त्यांचा पाय कुठे पडतो ते बघत राहिले आणि तो उचलला की माझा तिथेच टाकत गेले. मागून टँकरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी वळून बघितलं नाही.