गल्ल्यातली गोळी

आमच्या पडद्यांच्या दुकानात बसायला मनाई आहे. म्हणजे आम्हाला. गिऱ्हाइकांना गुबगुबीत खुर्च्या आहेत. मोठ्या बाईंना, म्हणजे मालकांच्या आईंना, गल्ल्यामागे उशी लावलेली खुर्ची आहे. आम्ही विकणाऱ्या तिघी मात्र सकाळपासून दिवे मालवेपर्यंत उभ्या. बसलेली बाई आळशी दिसते म्हणे! पाणीही बेतानंच प्यायचं, कारण बाथरूम पार वरच्या मजल्यावर, आणि दोनदा गेलं की मालकांच्या कपाळाला आठी.

पाय ठणकले की मात्र मालक दिलदार. गल्ल्याचा खण उघडणार, गोळी काढणार आणि हातावर ठेवणार. "घ्या मावशी, आत्ता पळायला लागाल." मी वर्षानुवर्षं पळाले.

परवा रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही किडन्या मिळून निम्मंच काम करताहेत. रोज दुखण्यावरची गोळी आणि पाण्याचा पत्ता नाही, त्यांनी तरी किती सोसायचं? गोळी आजपासून बंद. पाणी प्या, पायांना आराम द्या. गेलं ते येणार नाही, पण उरलंय ते सांभाळता येईल." मला रडू आलं. घरी पोचेस्तोवर त्याचा संताप झाला होता. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे निर्धोक, असं आम्ही सगळेच आपले धरून चाललो होतो.

आज दुपारी तागे उलगडून उलगडून पाय भरून आले, तशी मी सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. बाटली उघडून घटाघटा पाणी प्याले. बाकीच्या दोघी एकदा माझ्याकडे बघत होत्या, एकदा मालकांकडे.

"मावशी, उठा. लोक बघतात."

"बघू देत की. त्यांचं काय जातंय?"

त्यांनी खण उघडून गोळ्यांचं पाकीट काढलं. "ही घ्या आणि उठा. नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

याच पगारावर घर चालतं माझं. तरी म्हटलं, "गोळी घेणार नाही आणि उठणारही नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधीन. किडनी कुठे शोधू?"

"काय कांगावा लावलाय! या गोळीनं काही होत नसतं. माझी आई रोज दोन घेते गुडघ्यांसाठी. बघा, आहे की नाही ठणठणीत?"

मी बघितलं. मोठ्या बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. सुजलेले पाय त्यांत मावतच नसावेत. मी बसल्या बसल्या खुर्ची करकरत ओढत त्यांच्यापाशी नेली, वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"किडनीचंच असेल असं नाही," मी म्हटलं, "पण रक्त तपासून घ्या. उशीर नका करू."

मालक वाकून बघायला लागले. पाकीट अजून हातातच होतं. "आई, काही नाही गं, साधी सूज..."

"तू गप्प बस." मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "अगं, तुझ्या त्या डॉक्टरबाईंचा पत्ता दे मला."

मालक पेन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी पत्ता सांगितला. बसूनच सांगितला.