चौकड्यांच्या शर्टाच्या चिंध्या

लोक तिला काटेबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. कमीत कमी कचऱ्यात समारंभ करून देणं हा तिचा धंदा. समारंभ कुणाचाही असो, निरोपाचा, पन्नाशीचा, नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाचा; जेवणं उरकली, लोक चपला शोधायला लागले की ही बाई हॉलच्या मधोमध टेबल सरकवायची आणि त्यावर तबकडीचा जुना वजनकाटा ठेवायची. "थांबा, एक मिनिट थांबा सगळ्यांनी!" मग त्या दिवसाचा कचरा, म्हणजे जो खतात जात नाही, पुन्हा वापरता येत नाही, भंगारवालाही घेत नाही असा उरलासुरला कचरा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोलायची. दीडशे माणसं जेवली आणि कचरा साडेआठशे ग्रॅम! टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. यजमानांची छाती फुगायची आणि काटेबाईचे डोळे दर वेळी भरून यायचे. सहा वर्षांत हे एकदाच बिनसलं, त्याचं सांगतेच पुढे.

समारंभ ठरवायला आलेल्या प्रत्येकाला ती एकच वाक्य ऐकवायची. "फुलं कमी-जास्त होतील, जेवणाला पाच मिनिटं उशीर होईल, पण आकडा खरा असेल. आकडा खोटा निघाला तर मी या धंद्यात पुन्हा तोंड दाखवणार नाही." इतर समारंभवाले नाकं मुरडायचे. एकीनं तर समोरासमोर विचारलं होतं, "आमचा कचरा काही केल्या दहा किलोंच्या खाली येत नाही, तुमचा कसा हो येतो?" त्यावर आमच्या बाईंनी काय उत्तर द्यावं? "लक्ष द्यावं लागतं, ताई. मनापासून केलं की होतं." बिचारी खाली मान घालून गेली.

घर म्हणाल तर घर कसलं, गोदामच ते. पलंगाखाली स्टीलच्या ताटल्या, कपाटावर पेल्यांची खोकी, बाल्कनीत दीडशे कापडी रुमाल वाळत टाकलेले. "या घरात माझ्या बनियनला चिमटा मिळत नाही," असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, पण हसून सांगायचा. माणूस तसा गोड. कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्यानं बायकोच्या कामासाठी टेम्पो घेतला होता. दोघांची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली: पुढची बाजू तिची, मागची त्याची. पुढे पाहुणे, यजमान, सजावट. मागे भांडी, पिशव्या, कचऱ्याची निवड. ओला कचरा खतवाल्याकडे, कागद-बाटल्या भंगारवाल्याकडे, आणि उरेल ते काट्यावर. ती मागे कधी डोकावली नाही. नवऱ्याच्या कामात काय डोकावायचं?

पिशव्यांची तोंडं बांधायला तिला प्लास्टिकची दोरी चालायची नाही. दर समारंभाला घरातलं एक जुनं कापड फाडून ती चिंध्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात द्यायची. गेल्या शनिवारी त्याच्याच निळ्या चौकड्यांच्या शर्टाची पाळी आली.

"अगं, कॉलर तेवढी विरलीये त्याची!"

"कॉलर विरली म्हणजे शर्ट संपला," असं म्हणून तिनं त्याच्यासमोरच टर्रकन फाडला. दोघं पोट धरधरून हसले होते.

आता ते बिनसलेलं. दोन वर्षांपूर्वी ऐन समारंभाच्या दिवशी नवऱ्याला सणकून ताप भरला. मागची बाजू आचाऱ्यानं सांभाळली. हा आचारी तिच्याकडे सुरुवातीपासूनचा. वयानं मोठा, बोलायला कमी, हाताला चव. काटा लागला आणि आचाऱ्यानं एकामागून एक सहा पिशव्या आणून ठेवल्या. तबकडीचा काटा फिरत फिरत साडेनऊ किलोंवर थांबला. लोक कुजबुजायला लागले. काटेबाईच्या पायाखालची जमीनच सरकली.

"हे काय केलंत तुम्ही?" ती सगळ्यांसमोर ओरडली. "चार वर्षांत जे झालं नाही ते एका दिवसात करून दाखवलंत!"

आचारी शांतपणे म्हणाला, "ताई, दर वेळी एवढाच होतो."

एवढंच बोलला. पण तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. वर तोंड करून बोलतो! तिनं त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. दोनशे माणसांसमोर तो पंचा खांद्यावर टाकून निघून गेला. घरी येऊन तिनं तापानं फणफणलेल्या नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "जाऊ दे," म्हणाला, "दुसरा बघू." आणि आठ दिवसांत दुसरा शोधूनही आणला.

परवा मंगळवारी सकाळी नवरा दात दाखवायला गेला होता. टेम्पो क्लचच्या कामासाठी गॅरेजमध्ये. त्यात चमच्यांचं एक खोकं राहिलं होतं, म्हणून काटेबाई स्वतः गॅरेजवर गेली. मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"वहिनी, बरं झालं तुम्ही आलात. दादांना सांगा, त्यांच्या पिशव्या रविवारपासून इथेच पडल्यात. कचऱ्याची गाडी दोन दिवस फिरकली नाही. गिऱ्हाईक नाक दाबून उभं राहतं."

"कसल्या पिशव्या?"

"त्या हो, समारंभाच्या. दर वेळी आणून टाकतात ना. सहा वर्षं मी त्यांचा कचरा गाडीत घालतोय, पण कधी कपभर चहा पाजला असेल तर शपथ!" तो मोठ्यानं हसला.

टायरांच्या मागे पाच पिशव्या होत्या. प्रत्येकीचं तोंड निळ्या चौकड्यांच्या चिंधीनं बांधलेलं. एका चिंधीला तर शर्टाचं बटणही होतं.

तिनं ते बटण चिमटीत धरून पाहिलं. मग मेकॅनिकची हातगाडी मागून घेतली, पाचही पिशव्या तीत घातल्या आणि भर रस्त्यातून ढकलत निघाली. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, "काय काटेबाई, आज उलटी गंगा? कचरा घरी?" एरवी तिनं त्याला चांगलं सुनावलं असतं. आज ती हातगाडी ढकलत तशीच पुढे गेली.

स्वयंपाकघरात तिनं वर्तमानपत्रं पसरली आणि पिशव्या सोडल्या. फुलांच्या गुच्छांवरचे प्लास्टिकचे कागद. पाहुण्यांनी बाहेरून आणलेले कॉफीचे पेले. भेटवस्तूंच्या चकचकीत फिती. केकचे चंदेरी पुठ्ठे, ओले टिश्यू. हे तिला शनिवारी दिसलं का नव्हतं? दिसलं होतं की! तिनंच तर फिती गोळा करून टोपलीत टाकल्या होत्या. मग त्या कुठे गेल्या असं तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिनं काटा काढला. दहा किलो दोनशे.

नवरा गालावर हात धरून आला. दारातच त्याला ती पसरलेली वर्तमानपत्रं दिसली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"पहिल्यापासून?" तिनं विचारलं.

"अगं, ऐक तरी..."

"पहिल्यापासून का, एवढंच सांगा."

तो खुर्चीत बसला. दाताला बोळा लावलेला, त्यामुळे शब्द जड येत होते. "पहिल्या समारंभाला बारा किलो भरला असता. तू पंधरा दिवस झोपली नव्हतीस. रुमाल शिवत बसायचीस. तुझं तोंड पडलेलं मला बघवलं नसतं. म्हटलं, चार पिशव्या बाजूला ठेवू, पुढच्या वेळी खरंच कमी होईल. तो काटा एक किलोवर थांबला आणि तू रडलीस ना... मग मला थांबता येईना."

"सहा वर्षं?"

"दर वेळी वाटायचं, आता सांगू."

"आणि आचारी? तो खरं बोलला. मी त्याला दोनशे माणसांत झिडकारलं, घरी येऊन तुम्हांला सांगितलं, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात! मूग गिळून बसलात. वर 'दुसरा बघू' म्हणालात!"

"माझ्या अंगात ताप होता गं."

"ताप दोन दिवसांत उतरला!" तिचा आवाज चिरकला. "परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुम्ही केसानं गळा कापलात माझा. आणि तोही मायेनं."

तो बोळा काढून हातात धरून बसला. तिला त्याचा संताप आला, कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला. पण त्याहून एक गोष्ट तिला टोचत होती. जगात एक माणूस होता, जो खरं बोलला होता. त्याच्यासमोर जाऊन उभं राहणं एवढं तरी तिच्या हातात होतं.

आचारी आता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होता. दुपारची जेवणं संपली होती, तो मोठं पातेलं घासत होता. तिला बघून त्यानं हात धुतले आणि स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"मी माफी मागायला आलेय. तुम्ही खरं बोलला होतात. दर वेळी एवढाच व्हायचा. आमचे हे पिशव्या गॅरेजवर नेऊन टाकायचे. मला आज कळलं."

आचाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या लहान मुलाकडे बघावं तसं.

"मी तर दर वेळी बघायचो, ताई. दादा माझ्यासमोरच टेम्पोत भरायचे. मला वाटलं, धंद्याची रीतच असेल तुमची. त्या दिवशी दादा नव्हते. कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या पुढे आणायच्या, मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून सगळ्या आणल्या. तुम्ही ओरडलात तेव्हा म्हटलं, लोकांसमोर अब्रू राखायची म्हणून ओरडताय. घरी बायकोलाही तेच सांगितलं. दोघं मिळून करतात, म्हटलं, आणि बळी माझा गेला."

"दोघं नाही हो! मला खरंच माहीत नव्हतं."

"असू दे."

"असू दे काय? आईशप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं!"

"ताई," तो पातेलं पालथं घालत म्हणाला, "एकाच घरात राहता. त्याच ताटल्या घासता. सहा वर्षं नवरा काय करतो हे बायकोला माहीत नसेल? माफी मागितलीत, माझ्या मनात काही नाही. पण आता तरी खोटं कशाला बोलता?"

ती काय सांगणार होती? तिचा आकडा खोटा, टाळ्या खोट्या, आणि आज पहिल्यांदा जे खरं होतं त्याला साक्षीदार एकच होता. तो घरी गालाला हात लावून बसला होता, आणि त्याचा शब्द आता कोण मानणार?

घरी आली तेव्हा नवऱ्यानं सगळा कचरा पुन्हा पिशव्यांत भरून, चिंध्यांनी बांधून भिंतीशी ओळीनं ठेवला होता. बाल्कनीतले रुमालही घड्या घालून ठेवले होते.

"भेटला?" त्यानं हळूच विचारलं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, आपण दोघं मिळून करायचो."

"मग सांगितलंस ना, मी एकट्यानंच..."

"सांगितलं," ती म्हणाली. "त्याला पटलं नाही."